जहाज कोणासाठी थांबत नाही
भूमध्य समुद्राची बंदरे : कमी पैशात आणि आपल्या पायांनी

आमच्या अक्काचा मुलगा गेली सहा वर्षे शिपवर लाँड्रीत कामाला आहे. दर वर्षी सात-आठ महिने तो बाहेर असतो. रात्री-अपरात्री त्याचा फोन येतो. ‘आई, आज इटलीत आहे’, ‘आज स्पेनला लागलो’ असे सांगतो. अक्का विचारते, ‘जेवलास का?’ बाकी तिला काय कळणार? पालिकेच्या रुग्णालयात तिने तीस वर्षे आया म्हणून काम केले. भाऊजींना जाऊन बारा वर्षे झाली. २०२४ च्या मे महिन्यात ती निवृत्त झाली, तेव्हा सगळ्यांनी तिला विचारले की आता काय करणार. ती म्हणाली, ‘माझं पोरगं कुठं राबतं ते एकदा बघायचंय.’

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोटीवर सवलतीचा दर मिळतो. भाच्याने तो मिळवून दिला आणि अक्काच्या सोबतीला मला धाडण्याचे ठरले. मी कारकून माणूस. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या. परदेश तो नकाशातच पाहिला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही दोघे बहीण-भाऊ सात रात्रींच्या बोटीने निघालो. मार्ग होता जिनोआ, चिवितावेक्किया म्हणजे रोमचे बंदर, नेपल्स, माल्टा, बार्सिलोना, मार्सेल आणि परत जिनोआ. परतल्यावर वस्तीतल्या अनेकांनी विचारले, ‘एवढा पैसा कुठून आणला?’ त्यांना तोंडी सांगितले तेच येथे सविस्तर लिहीत आहे. आपल्या घरांतली पुष्कळ मुले आज बोटींवर कामाला आहेत. त्यांच्या आईबापांना कधी अशी संधी आली तर ती केवळ भीतीपोटी वाया जाऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खरा खर्च बंदरावर असतो

बोटीच्या तिकिटात खोली आणि जेवण येते. विमानाचे भाडे वेगळे. ते सर्वांत मोठे, म्हणून ते आधी पाहावे. व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो झाली आहे. सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. इटली, स्पेन, फ्रान्स, माल्टा आणि ग्रीस हे सर्व देश शेंगेन नावाच्या एकाच व्हिसात येतात. मात्र बोट मध्येच तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाला जाणार असेल तर पुन्हा आत येता यावे म्हणून ‘मल्टिपल एंट्री’चा व्हिसा मागावा. अर्जावर हे लिहायला विसरू नये. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शेवटच्या पंधरा दिवसांवर तो ठेवू नये.

हे सगळे झाल्यावर माणसाला वाटते की खर्च संपला. तसे नसते. बोटीवर रोजचा ‘सेवा आकार’ बिलात आपोआप चढतो. तो तिकिटात धरला आहे की नाही ते आधी विचारावे. समुद्रात असताना मोबाईल बोटीचे नेटवर्क पकडतो आणि त्याचे बिल पाहून डोळे पांढरे होतात. म्हणून बोट सुटली की फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकावा. आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे बंदरावरच्या सहली.

बोट ज्या गावाला लागते तिथे बोटवाले स्वतःची बस लावून सहल काढतात. आमच्या बोटीवर रोमच्या सहलीचा दर माणशी ८९ युरो होता, म्हणजे आम्हा दोघांचे १७८ युरो. तेव्हा युरोचा भाव ९२ रुपयांच्या आसपास होता. आकडा ऐकून अक्का म्हणाली, ‘सोळा हजार? एका दिवसाचे? एवढ्यात माझ्या घराचं पत्र्याचं छप्पर बदललं होतं.’ मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, ‘मामा, तुम्ही स्वतः जा. रोज हजारो लोक जातात. फक्त वेळेचं भान ठेवा. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. तुम्ही एकटे गेलात आणि उशीर झाला, तर बोट निघून जाते.’

हे एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. स्वस्ताची खरी किंमत ती आहे. पैसे वाचतात, पण जबाबदारी आपल्यावर येते. बोट सुटली तर पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास आपल्याच खर्चाने करावा लागतो.

रोम : पाच युरोची गाडी

रोम शहर समुद्रावर नाही. बोट लागते चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. बंदर मोठे आहे, आत पायी हिंडू देत नाहीत. बंदराची बस दरवाजापर्यंत सोडते आणि तिथून पंधरा-वीस मिनिटे चालत गेले की रेल्वे स्टेशन येते. रोमला जाणाऱ्या साध्या गाडीचे एकेरी तिकीट पाच युरोच्या आत मिळाले. आपल्या लोकलसारखीच गाडी. जागा मिळाली तर बसा, नाहीतर उभे राहा. गाडीत चढण्यापूर्वी कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो. आपल्याकडे अशी पद्धत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

शेवटच्या स्टेशनापर्यंत न जाता आधीच ‘सान पिएत्रो’ या स्टेशनवर उतरावे. गाडी तासाभराच्या आत तिथे पोचते. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर सेंट पीटर्सचे प्रचंड चर्च आहे. आत जायला पैसे पडत नाहीत, फक्त तपासणीची रांग असते, म्हणून सकाळी लवकर जावे. खांदे आणि गुडघे उघडे असलेल्या लोकांना तिथे आत सोडत नाहीत. आमच्या पुढचे दोन पाहुणे त्यासाठी परत फिरले. अक्काने पदर खांद्यावरून नीट घेतला आणि दारावरच्या माणसाने मान लववून तिला आत सोडले. तिच्या पायात पांढरे बूट होते आणि अंगावर निळी सुती साडी. ती मला हळूच म्हणाली, ‘बघ, साडीला कुठंबी अडवत नाहीत.’

तिथून पुढचे रोम पायी पाहता येते. नदी ओलांडावी, पियात्सा नाव्होना नावाचा मोठा चौक पाहावा, मग पँथिऑन. ही घुमटाची इमारत सुमारे एकोणीसशे वर्षांची आहे आणि घुमटाला मधोमध आभाळाएवढे भोक आहे. पूर्वी आत फुकट सोडत. जुलै २०२३ मध्ये पाच युरो घेऊ लागले. पुढे त्रेवीचे कारंजे आणि नंतर कोलोसियम. कोलोसियमचे आतले तिकीट महाग असते आणि आधी काढावे लागते. आम्ही ते बाहेरूनच पाहिले. बाहेरूनही ते पुरेसे मोठे आहे. अक्काने त्या भिंतींकडे बघून विचारले, ‘हे बांधणाऱ्यांची नावं कुठं लिहिलीत का?’ मला उत्तर देता आले नाही. सम्राटांची नावे पाटीवर होती.

रोममध्ये पाण्यावर एक पैसा खर्च करू नये. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, त्यांना तिथले लोक ‘नासोनी’ म्हणजे मोठ्या नाकाचे म्हणतात. असे नळ अडीच हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांची सुरुवात १८७४ मध्ये झाली. पाणी थंड, गोड आणि फुकट. ज्याला वाटेल त्याने ओंजळ धरावी, कोणी विचारत नाही. अक्का त्या नळाशी बराच वेळ उभी राहिली. तिने दोनदा पाणी प्यायले आणि बाटली भरून घेतली. तिच्या लहानपणी आमच्या गावात पाणवठ्यावर काय चाले ते मला आईकडून माहीत आहे. आम्ही दोघांनी त्यावर काही बोललो नाही.

परतताना तेर्मिनी या मुख्य स्टेशनातून गाडी घ्यायची तर चिवितावेक्कियाचे फलाट स्टेशनच्या मुख्य फलाटांपासून चांगली दहा मिनिटे लांब आहेत. तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

नेपल्स : चुकलेली गाडी

दुसऱ्या दिवशी नेपल्स. इथे बोट थेट शहराच्या पोटात लागते. बंदरातून बाहेर पडले की समोर जुना किल्ला आणि जवळच मेट्रोचे ‘म्युनिचिपियो’ स्टेशन. या दिवसाची अक्का तीन महिने वाट बघत होती, कारण भाच्याला या बंदरात दुपारी एक ते चार अशी सुटी मिळणार होती. बोट बंदरात असली तरी सुरक्षिततेच्या नियमाने काही कर्मचाऱ्यांना आत थांबावेच लागते, आणि ती पाळी प्रत्येकावर येते. आठवडाभरात त्याला बाहेर पडायला मिळणार होते ते हे तीन तास.

मी हिशेब मांडला. सकाळी आठला निघायचे, पाँपेई पाहायचे, एकला परत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले हे शहर. मेट्रोने गारिबाल्दी स्टेशनला जायचे आणि तिथून व्हेसुव्हियसच्या कडेने जाणारी छोटी रेल्वे पकडायची. तिकीट साधारण सव्वातीन युरो आणि प्रवास पाऊण तासाच्या आत.

इथे माझी चूक झाली. पाँपेई नावाची स्टेशने एकाहून जास्त आहेत. उत्खननाच्या मुख्य दाराशी जाणारे स्टेशन आहे ‘पाँपेई स्काव्ही’, आणि ते सोरेंतो गावाच्या गाडीवर येते. मी पाटीवर फक्त ‘पाँपेई’ वाचले आणि पोज्जोमारिनो गावाच्या गाडीत अक्काला चढवले. ती गाडी दुसऱ्या मार्गाने गावातल्या ‘पाँपेई सान्तुआरियो’ स्टेशनवर गेली. उतरलो तर समोर अवशेष नाहीत, दुकाने आणि चर्च. घड्याळात साडेनऊ. मी घाबरलो. इंग्रजीत विचारले तर लोक हात हलवून पुढे जात होते.

अक्का एका भाजीवाल्या म्हातारीपाशी गेली. ना तिला इटालियन येत, ना त्या बाईला मराठी. अक्काने पिशवीतला कागद काढला, त्यावर पाँपेईचे चित्र होते. मग हात वर करून धूर निघाल्याचा, खाली सगळे गाडल्याचा अभिनय केला. म्हातारी हसली. तिने अक्काला दंडाला धरून कोपऱ्यापर्यंत आणून सरळ रस्ता दाखवला. जुन्या रंगमंडळाच्या बाजूचे दार त्या रस्त्याने पंधरा मिनिटांवर होते. वाचकहो, भाषा येत नाही म्हणून अडून बसणारा मी बीकॉम होतो आणि वाट काढणारी बहीण चौथी शिकलेली.

दाराशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. रांग मोठी. तिकीट माणशी १८ युरो. आत जायला अकरा वाजणार आणि बाराच्या आत बाहेर पडावे लागणार. तेवढ्यात काय पाहायचे? मी म्हटले, ‘अक्का, एवढ्या लांब आलोय, तासभर तरी बघू. पळत जाऊ स्टेशनवर.’

अक्का कठड्याशी उभी राहून आत बघत होती. ती म्हणाली, ‘अरे, हे दगड दोन हजार वर्षं थांबलेत. ते आणखी थांबतील. माझं पोरगं चारला कामावर जाईल. चल.’

आम्ही परत फिरलो. बारा वाजता बंदराच्या दाराशी होतो. एक तास आधी. पावणेएकला भाचा बाहेर आला. गणवेश काढून साधा शर्ट घातला होता. ‘जयभीम मामा’ म्हणाला आणि मग आईपुढे उभा राहिला. बोटीवर आल्यापासून तिला तो लांबूनच दिसत होता, कारण कर्मचाऱ्यांना प्रवाशांच्या भागात बसता येत नाही. अक्काने त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. साबणाने आणि वाफेने तळहाताची कातडी सोलवटली होती. ती एवढेच म्हणाली, ‘खोबरेल लावत नाहीस.’

तिघांनी एका गल्लीत पिझ्झा खाल्ला. पाच-सहा युरोत एक अख्खा. हा पदार्थ मूळचा इथला आणि गरिबांचा. पिझ्झा बनवण्याच्या इथल्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. टेबलाशी बसले की काही ठिकाणी ‘कोपेर्तो’ नावाने माणशी एक-दोन युरो जादा लावतात. ते दरपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेले असते. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते.

संग्रहालयातली आपली बाई

जेवणानंतर मेट्रोने ‘म्युझिओ’ स्टेशनला गेलो. तिथे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. मंगळवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे. पाँपेईत सापडलेल्या उत्तमोत्तम वस्तू याच ठिकाणी आणून ठेवल्या आहेत. अक्का म्हणाली, ‘तू जा आत. आम्ही इथं बसतो.’ मायलेक बाकावर बसले. पाँपेईचे जे पैसे वाचले होते त्यातून मी एकट्याचे तिकीट काढले. खरे तर त्या दोघांना एकटे सोडावे असेही मनात होते.

आत मला एक वस्तू पाहायचीच होती. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर. गळ्यात माळा, हातभर बांगड्या, वेणी, पायात जाड वाळे. ती भारतातून गेलेली आहे. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे अनेक अभ्यासकांनी ती यक्षी असावी असे मत मांडले. याच धर्तीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाल्या आहेत. त्यामुळे ती दख्खनमध्ये घडली असावी असे काहींना वाटते. ७९ साली शहर गाडले गेले, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचली होती.

ती गेली कशी? बोटीनेच. त्याच शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी वाटाड्यात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे आहेत. आणि देवाणघेवाण एकाच दिशेने नव्हती. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब पाहिलेत ना? धेनुकाकट गावच्या यवनांनी ते दान दिल्याचे लेख त्या खांबांवर कोरलेले आहेत. नालासोपाऱ्याहून रोज लोकलला लटकून कामावर जाणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगितले पाहिजे, की या समुद्राशी आपली ओळख आजची नाही. ती मूर्ती घडवणारा हस्तिदंताचा कारागीर कोण होता, त्याचे नाव तिथेही लिहिलेले नव्हते.

बाहेर आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पावणेचारला भाचा बंदराच्या वेगळ्या दाराने आत गेला. कर्मचाऱ्यांचे दार निराळे असते.

माल्टा, बार्सिलोना, मार्सेल

कमी पैशात सर्वांत सोपे बंदर माल्टा. बोट व्हॅलेटा शहराच्या तटाखालीच लागते. किनाऱ्याने थोडे चालले की ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, ती २०१२ मध्ये सुरू झाली. एक युरोत वर. वरच्या बागेतून सगळे बंदर दिसते आणि दुपारी बाराला तोफ उडते, तीही फुकट पाहता येते. इथे इंग्रजी चालते. घरांना लाकडी बंदिस्त गॅलऱ्या आहेत, त्यावर कपडे वाळत होते. अक्काला चाळीची आठवण झाली.

बार्सिलोनाला बोटी शहरापासून दूर धक्क्यावर लागतात. बंदराची बस कोलंबसच्या उंच खांबापाशी सोडते. जाऊन-येऊन साधारण साडेचार युरो. तिथूनच ला रांबला हा प्रसिद्ध रस्ता सुरू होतो आणि तिथेच खिसेकापूही असतात. अक्काने घरूनच माझ्या बनियनला चोरकप्पा शिवला होता. तिचे पैसे कमरेच्या बटव्यात. मेट्रोचे आठ प्रवासांचे ‘फॅमिलियार’ तिकीट बरोबरच्या माणसांत वाटून वापरता येते. त्यावर साग्रादा फामिलिया पाहायला गेलो. १८८२ मध्ये सुरू झालेल्या या चर्चचे बांधकाम अजून चालूच आहे. आतले तिकीट महाग आणि आधी काढावे लागते. आम्ही समोरच्या बागेत बसून दुकानातून घेतलेला पाव, चीज आणि केळी खाल्ली आणि तासभर ते दगडी काम बघितले.

मार्सेलमध्ये बोटीचा धक्का जुन्या बंदरापासून बराच लांब, उत्तरेला आहे. टॅक्सी घेऊ नये. दरवाजाबाहेरून ३५ क्रमांकाची बस शहरात जाते. हे शहर इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक खलाशांनी वसवले. जुन्या बंदरात सकाळी मासळीवाल्या बसतात. तिथून ६० क्रमांकाची बस टेकडीवरच्या नोत्र-दाम चर्चला नेते, आत जायला पैसे नाहीत. समुद्रकाठच्या नव्या संग्रहालयाच्या गच्चीवर आणि तिथल्या पुलावरून जुन्या किल्ल्यात फुकट हिंडता येते. आतले दालन पाहायचे असेल तरच तिकीट.

जिनोआत बोटीचे स्थानक रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्यामुळे सामानासह टॅक्सी करण्याची गरज नाही.

हिशेब

मी रोज रात्री वही लिहीत होतो. बंदरावरचा दोघांचा खर्च असा : रोम ४३ युरो, नेपल्स ६८ (पिझ्झा तिघांचा आणि माझे संग्रहालयाचे तिकीट धरून), माल्टा १८, बार्सिलोना ३६, मार्सेल १६, जिनोआ ९. एकूण १९० युरो, म्हणजे साडेसतरा हजार रुपयांच्या आत. बोटीच्या एकट्या रोमच्या सहलीचे दोघांचे १७८ युरो झाले असते. बारा युरो जास्त घालून आम्ही सहा शहरे पाहिली.

दरांत थोडाफार बदल होत राहतो. जाण्यापूर्वी ते तपासावेत. पण पद्धत बदलत नाही, ती अशी :

१) बोट कधी सुटते यापेक्षा ‘सर्वांनी बोटीवर यावे’ ही वेळ महत्त्वाची. ती अर्धा ते एक तास आधीची असते. आपण त्याच्याही दोन तास आधी बंदराच्या गावात परत असावे.

२) घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवावे. ग्रीस इटलीपेक्षा एक तास पुढे आहे. मोबाईल स्वतःहून वेळ बदलतो, बोट बदलेलच असे नाही.

३) बोटीवर रोज एक पत्रक मिळते. त्यात त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. तो कागद खिशात ठेवावा. बोट सुटली तर पहिला फोन त्याला.

४) पासपोर्टची झेरॉक्स, बोटीचे कार्ड आणि थोडे युरो वेगवेगळ्या जागी ठेवावेत. पाँपेईला नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव लागते आणि दिवसाला २०,००० माणसांनाच सोडतात, म्हणून ओळखपत्र लागेल आणि तिकीट आधी काढलेले बरे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रवेश फुकट असतो.

५) शहराचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. स्टेशनचे पूर्ण नाव मोठ्या अक्षरात कागदावर लिहावे. माझी चूक तुम्ही करू नये.

६) एका बंदरात एकच मोठी गोष्ट ठरवावी. वेळ उरला तर दुसरी.

ग्रीसच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अथेन्सचे बंदर पिरियस. तिथून मेट्रो थेट शहरात जाते, तिकीट सव्वा युरोच्या आसपास. ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळाकडे जाणारी तिसरी मार्गिकाही पिरियसपर्यंत आली आहे. अ‍ॅक्रोपोलिसचे तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो झाले. पण शेजारच्या आरेओपागस टेकडीवर चढले तर ते पैसे न देता समोरून दिसते.

शेवटची रात्र

मार्सेल सोडल्यावर अक्का वरच्या डेकवर उभी होती. लोक नाचत होते, दिवे लागले होते. तिने मला विचारले, ‘लाँड्री किती मजले खाली असेल?’ मी म्हटले, ‘पाण्याच्या खाली असेल बहुतेक. खिडकी नसते म्हणे.’ ती कठड्यावरून खाली काळ्या पाण्याकडे पाहत राहिली.

आंतरराष्ट्रीय करारानुसार बोटीवरच्या माणसाला दर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. हे आपल्या मुलांना माहीत असावे आणि घरच्यांनाही. तसेच बोटीच्या नोकरीसाठी कोणी एजंट लाख-दोन लाख मागत असेल तर त्याला सरळ दारातून परत पाठवावे. नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या कंपनीला नोकरी लावण्याचे पैसे मुलाकडून घेता येत नाहीत. परवाना पाहूनच मुलाचे कागद द्यावेत.

घरी आल्यावर शेजारच्या बाया जमल्या. त्यांना रोमचे, कोलोसियमचे ऐकायचे होते. अक्काने ते दोन वाक्यांत संपवले. मग तिने त्या रस्त्यावरच्या नळाचे सांगितले, त्या भाजीवाल्या म्हातारीचे सांगितले आणि संग्रहालयासमोरच्या बाकाचे सांगितले. एकीने विचारले, ‘आणि ते राखेत गाडलेलं गाव?’ अक्का म्हणाली, ‘ते कठड्यावरनं बघितलं. पुन्हा जाऊ तेव्हा आतून बघू.’

तिने पोस्टात दरमहा पाचशेचे खाते उघडले आहे. पुढच्या वेळी स्टेशनचे नाव मी आधीच पाठ करून ठेवणार आहे.